बारवीचं पाणी भिंत अडवते, मग लेझरमधला प्रकाश कोण अडवतं?

केसाहून कितीतरी बारीक लेझरला सोन्या-चांदीचा मुलामा का देतात? त्याने फायदा किती, तोटा किती? शेताच्या बांधावरून समजून घेऊ

बदलापूर : पावसाळ्यात बारवी धरणाची पातळी ७२.६० मीटरला टेकली की स्वयंचलित दरवाजे उघडतात. नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा जातो आणि पाठोपाठ धरण भरल्याचा व्हिडिओ गावागावांतल्या ग्रुपवर फिरू लागतो. धरणावरून निघालेला हा व्हिडिओ मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर काही सेकंदांत पोहोचतो. पण तो जातो कशातून?

मोबाईलपासून टॉवरपर्यंत तो हवेतून जातो. पुढचा बहुतेक प्रवास जमिनीखालच्या काचेच्या तारेतून, म्हणजे फायबर केबलमधून होतो. या तारेत वीज नाही तर प्रकाश धावतो, आणि तो प्रकाश तयार करणारा लेझर तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो.

हाच लेझर आणखी हजारपट लहान करता येईल का, यावर जगभर काम चालू आहे. तिथे अडचण एकच येते, प्रकाश आत थांबत नाही, बाहेर पळतो. त्याला अडवायला शास्त्रज्ञ धातूचा मुलामा देतात. पण हा मुलामा प्रकाश अडवतोही आणि पितोही. कसं, ते ज्याने भाताच्या खाचराला बांध घातलाय त्याला लगेच कळेल.

आपला आणि लेझरचा संबंध काय?

ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या फायबरच्या टोकाला लेझर आहे. दुकानातल्या बारकोड मशीनमध्ये, झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रिंटरमध्ये, शेत सपाट करणाऱ्या लेझर लेव्हलरमध्ये लेझर आहे. काही फोनमध्ये चेहरा ओळखायला आणि कॅमेऱ्याचा फोकस लावायलाही तो वापरतात.

बारवीशी तर याचा थेट धागा जुळतो. हे धरण एमआयडीसीचं, १९७२ साली बांधलेलं. पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवली, तोंडलीसारखी गावं पाण्याखाली गेली, घरंदारं सोडून माणसं दुसरीकडे वसली. इथलं पाणी अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवलीच्या कारखान्यांना, शहरांना आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यालाही जातं. त्याच पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे इथे मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. आपले फोटो, व्हिडिओ, बँकेचे व्यवहार अशाच इमारतींत साठवले जातात. आतल्या एका कपाटातून दुसऱ्या कपाटात माहिती नेण्याचं बरंच काम लेझर करतात. या इमारतींना वीज भरपूर लागते, आणि ती वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती उष्णता काढायला पुन्हा वीज लागते, अनेक ठिकाणी पाणीही लागतं. म्हणून कमी विजेवर चालणारा लेझर हा फक्त प्रयोगशाळेतला विषय राहत नाही.

लेझर म्हणजे आवक आणि गळतीचा हिशेब

सेमीकंडक्टर लेझर म्हणजे गॅलियम आर्सेनाईडसारख्या पदार्थाचा छोटा तुकडा. त्यातून वीज सोडली की प्रकाश निर्माण होतो. दोन्ही टोकांना आरसे असतात. प्रकाश या आरशावरून त्या आरशावर ये-जा करतो आणि दर फेरीत वाढतो, कारण आतला पदार्थ त्यात आपल्याकडचा तसाच प्रकाश मिसळत जातो.

पण दर फेरीत काही प्रकाश बाहेरही जातो. धरणाचं जसं आहे तसंच. नदीतून येणारी आवक गळतीपेक्षा जास्त असेल तरच पातळी चढते. लेझरमध्येही प्रकाशाची आवक गळतीवर मात करते त्या क्षणी तो ‘पेटतो’. त्यासाठी निदान किती वीज द्यावी लागते, ती त्या लेझरची किमान हद्द. गळती जास्त असेल तर ही हद्द वर जाते, वीज जास्त लागते, लेझर तापतो आणि तापला की आणखी वीज मागतो.

असा पहिला लेझर १९६२ साली अमेरिकेत चालला. तो द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला थंड ठेवावा लागे. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या मात्रा ज्या भांड्यात ठेवतात, त्यातलाच हा द्रव नायट्रोजन. नेहमीच्या तापमानाला अखंड चालणारा लेझर यायला १९७० उजाडलं.

आपला देशही यात मागे नव्हता. १९६० च्याच दशकात मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रात, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, गॅलियम आर्सेनाईडचा लेझर तयार झाला. त्याच्या प्रकाशावर ट्रॉम्बे ते कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था असा सुमारे २० किलोमीटर अंतराचा संदेश हवेतून पाठवला गेला.

लहान केलं की काय बिघडतं?

साध्या लेझरचा तुकडा साधारण ०.३ मिलिमीटर लांब असतो. त्याला वेगळा आरसाही लावावा लागत नाही. स्फटिक सरळ तोडला की त्याची कड आपोआप आरशाचं काम करते. पण हा आरसा कच्चा. त्याच्यावर आदळलेल्या १०० भागांपैकी ३० भाग प्रकाशच परत येतो, ७० बाहेर जातो.

तरीही लेझर चालतो, कारण ०.३ मिलिमीटरच्या वाटेत प्रकाश इतका वाढतो की ७० टक्के गळती भरून निघते. लांब शेतातून जाताना टोपली भरत जावी आणि टोकाला निम्म्याहून जास्त कुणाला देऊन टाकावी, तरी परवडतं.

आता लांबी हजारपट कमी करा. शेत उरलं वीतभर. एका फेरीत टोपलीत पडणार चार दाणे. मग टोकाला ७० टक्के देऊन कसं चालेल? लहान लेझरमध्ये एका फेरीची कमाई अगदी थोडी असते, म्हणून भिंतीही तशाच घट्ट लागतात. आरसा ९९ टक्क्यांच्या पुढेच हवा.

दुसरी अडचण प्रकाशाच्या स्वभावाची आहे. प्रकाश ही लाट आहे. फायबरमध्ये वापरतात त्या प्रकाशाची लाट सुमारे दीड हजार नॅनोमीटर लांब असते. एका मिलिमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर होतात. सेमीकंडक्टरच्या आत ही लाट आखडते आणि ४०० ते ४५० नॅनोमीटरची होते. लाटेला उभं राहायला निदान अर्ध्या लाटेइतकी जागा लागतेच. भांडं त्याच्या जवळपास आलं की लाट काठावरून बाहेर सांडू लागते.

धातूशिवायचे दोन उपाय

पहिला उपाय थरांच्या आरशाचा. दोन वेगळ्या पदार्थांचे, पाव लाटेइतक्या जाडीचे थर आलटून पालटून रचायचे. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो आणि सगळे परतलेले भाग एकमेकांत मिळून जोर धरतात. २० ते ४० जोड्या रचल्या की ९९ टक्क्यांहून जास्त प्रकाश परत येतो. वरच्या दिशेने प्रकाश सोडणाऱ्या अशा लेझरची कल्पना जपानचे केनिची इगा यांनी १९७७ साली मांडली. आज फोनमध्ये आणि डेटा सेंटरमध्ये तेच लेझर आहेत. पण एवढ्या थरांनी उंची वाढते. बांधच इतका रुंद की खाचराला जागा उरत नाही, असा प्रकार.

दुसरा उपाय विहिरीत बुडी मारणाऱ्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. संथ, स्वच्छ पाण्यात खाली जाऊन वर बघितलं तर आभाळ फक्त डोक्यावरच्या गोल खिडकीतून दिसतं. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशासारखा चमकतो. पाण्यातून तिरका जाणारा प्रकाश बाहेर पडूच शकत नाही, तो पूर्ण परततो. पाण्यात ही हद्द सरळ रेषेपासून ४९ अंशांवर आहे, गॅलियम आर्सेनाईडमध्ये साधारण १७ अंशांवरच. म्हणजे त्यातला बराचसा प्रकाश आपोआपच अडतो.

या गुणाचा उपयोग करून १९९२ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत चकतीसारखा लेझर बनवला गेला. प्रकाश चकतीच्या काठाकाठाने गोल फिरत राहतो. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडच्या माणसाला ऐकू येतं. तिथे आवाज भिंतीला धरून जातो, इथे प्रकाश काठाला धरून.

पण चकती फार लहान केली की वळण फार आवळतं. पाटाला एकदम काटकोनात वळवलं तर पाणी बांधावरून उडतं. प्रकाशाचंही तेच होतं.

मग आला धातूचा मुलामा

धातूत मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात. प्रकाश आदळला की ते हलतात आणि प्रकाश मागे ढकलतात. चांगल्या चांदीत किंवा सोन्यात या लांबीचा प्रकाश काही दहा नॅनोमीटरपेक्षा खोल टिकत नाही. म्हणजे १०० नॅनोमीटर जाडीचा मुलामा दिला तरी भिंत जवळपास पूर्ण बंद. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर असते, त्यावरून या मुलाम्याची कल्पना यावी. याहून जाड थर दिल्याने प्रकाश अडवण्यात फारसा फरक पडत नाही.

लाट बाहेर सांडायची थांबते, भांडं आणखी लहान करता येतं. शेजारी शेजारी दोन लेझर ठेवले तरी याचा प्रकाश त्याच्यात जात नाही. वीज आत न्यायला तोच धातू तार म्हणून चालतो आणि आतली उष्णता बाहेर काढायलाही कामी येतो.

एवढे फायदे असताना अडचण कुठे? तर हा बांध पाणी पितो.

भाताच्या खाचरातून पाणी दोन तऱ्हेने जातं. एक, खेकड्याने बीळ पाडलं की ते आरपार वाहून जातं. दुसरं, बांधाची मातीच कोरडी असेल तर ती पाणी शोषून घेते. बिळं बुजवली म्हणून शोषणं थांबत नाही. धातू बिळं बुजवतो, पण स्वतः शोषतो. प्रकाशाने हलवलेले इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंवर आदळतात आणि प्रकाशाची उष्णता होते.

हिशेब बघा. समजा आरसा ९८ टक्के प्रकाश परत देतो. ऐकायला उत्तम. पण १०० तले २ दर टकरीला गेले, तर ३४ टकरींत प्रकाश निम्मा होतो. भांडं २५० नॅनोमीटर रुंद असेल तर ३४ टकरी व्हायला प्रकाशाला जेमतेम साडेआठ हजार नॅनोमीटर चालावं लागतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढं. तेवढ्या वाटेत आतल्या पदार्थाने गेलेलं सगळं भरून काढलं पाहिजे. म्हणूनच कितीतरी वर्षं जाणकारांना वाटत होतं की धातूने वेढलेला एवढा लहान लेझर चालणारच नाही.

उपाय शेततळ्याचा : मध्ये अस्तर घाला

मुरमाड जमिनीत शेततळं खोदलं आणि तसंच पाणी सोडलं तर जमीन ते पिऊन टाकते. म्हणून आपण प्लास्टिकचा कागद अंथरतो. पाण्याचा भार जमीनच पेलते, पण पाणी जमिनीला लागत नाही.

लेझरमध्येही हेच केलं गेलं. सेमीकंडक्टर आणि धातू यांच्या मध्ये वीज न वाहणाऱ्या, काचेसारख्या पदार्थाचा थर दिला. २००७ साली नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन इथल्या मार्टिन हिल आणि सहकाऱ्यांनी सेमीकंडक्टरचा बारीक खांब उभा केला, त्यावर सिलिकॉन नायट्राईडचा पातळ थर दिला आणि वरून सोन्याने मढवला. वीज सोडल्यावर तो लेझर म्हणून चालला. मात्र द्रव नायट्रोजनच्या थंडीत, कारण थंडीत आतल्या पदार्थाची कमाई वाढते.

२०१० साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पुढचं पाऊल पडलं. तिथे आत सेमीकंडक्टरची चकती, भोवती सुमारे २०० नॅनोमीटर काचेचा, म्हणजे सिलिकाचा थर आणि बाहेरून ॲल्युमिनियम अशी रचना केली. हा लेझर नेहमीच्या तापमानाला चालला. फक्त त्याला वीज नाही, दुसऱ्या लेझरचा प्रकाश देऊन चालवलं होतं.

आता प्रश्न अस्तर किती जाड घ्यायचं, हा. अगदी पातळ घेतलं तर प्रकाश धातूत घुसतो आणि उष्णता होते. फार जाड घेतलं तर बाहेरचं माप तेवढंच ठेवायचं म्हणून आतला सेमीकंडक्टर बारीक करावा लागतो, आणि कमाई तर त्याच्यातच होते. शिवाय काच उष्णता नीट वाहू देत नाही, आतला भाग तापतो. त्यामुळे मधली एक योग्य जाडी शोधावी लागते. ती प्रत्येक मापाला आणि प्रकाशाच्या प्रत्येक लांबीला वेगळी येते. सगळी कारागिरी इथेच लागते.

सोनं, चांदी की ॲल्युमिनियम?

प्रकाश सगळ्यात कमी पिते ती चांदी. पण घरातल्या पैंजणांचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. हवेतल्या गंधकामुळे चांदी काळवंडते, म्हणून तिला झाकून ठेवावं लागतं.

सोनं काळं पडत नाही आणि फायबरमधल्या अदृश्य प्रकाशाला चांगलं अडवतं. पण निळ्या-हिरव्या प्रकाशाला ते बरंच पितं, म्हणून तर ते पिवळं दिसतं. दुसरी खोड म्हणजे सोनं काचेला धरत नाही. भिंतीला रंग देण्याआधी प्रायमर मारतात तसा क्रोमियम किंवा टायटॅनियमचा काही नॅनोमीटरचा हात मारावा लागतो. हे दोन्ही धातू प्रकाश अधाशासारखा पितात. सोनं उत्तम आणि प्रायमरने घात, असं होऊ शकतं.

ॲल्युमिनियम स्वस्त. हवा लागताच त्याच्यावर स्वतःचीच पातळ साय धरते आणि आतला धातू सुरक्षित राहतो. या लांबीच्या प्रकाशाला ते चांदी-सोन्याइतकं चांगलं नाही, पण योग्य अस्तर दिलं तर काम भागतं, हे २०१० च्या प्रयोगाने दाखवलं.

धातू कुठलाही असो, मुलामा गुळगुळीत हवा. कल्हईवाल्याने घाईत हात फिरवला की भांड्यावर डाग राहतात. इथे मुलामा दाणेदार झाला तर दर दाण्यावर प्रकाश विखुरतो आणि शोषलाही जातो.

सगळं बंद केलं तरी चालत नाही

धरणाला दरवाजाच ठेवला नाही तर पाणी साठेल, पण उपयोग कुणाला? लेझरचंही तसंच. सगळीकडून मढवला तर प्रकाश आतच राहील आणि शेवटी धातूच तो पिऊन टाकेल. म्हणून एक बाजू उघडी ठेवतात किंवा तिथे मुलामा पातळ देतात. दरवाजा मोठा केला तर लेझर पेटायला वीज जास्त लागते, लहान ठेवला तर बाहेर प्रकाश कमी मिळतो. धातूमुळे मिळालेली घट्ट भिंत, धातूने प्यायलेला प्रकाश आणि दरवाजातून मिळालेला प्रकाश, या तिघांचा मेळ बसला तरच लेझर कामाचा.

आपल्या फोनमध्ये कधी येणार?

आज बाजारातल्या फोनमध्ये आणि फायबरच्या टोकाला जे लेझर आहेत, ते थरांच्या आरशाचे किंवा स्फटिकाच्या कडेचे आहेत. धातूने मढवलेले अतिसूक्ष्म लेझर अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहेत. नेहमीच्या तापमानाला, फक्त विजेवर, वर्षानुवर्षं चालणारा आणि स्वस्तात लाखोंनी बनणारा लेझर हवा, तिथवरचा पल्ला बाकी आहे. म्हणून कुणी ‘नॅनो लेझर’ अशी चिठ्ठी चिकटवून जास्तीच्या भावाने वस्तू विकायला आलं, तर आधी पावती आणि कंपनीचा पत्ता मागावा.

फायदा झाला तर तो विजेत होईल. चिपच्या आत माहिती तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशाने न्यायची असेल, तर लेझर चिपवर मावण्याइतका लहान आणि कमी वीज खाणारा हवा. तसं झालं तर डेटा सेंटरची उष्णता काही प्रमाणात कमी होऊ शकते. ज्या पट्ट्याला बारवीचं पाणी जातं, तिथे याचं मोल वेगळं सांगायला नको.

ही विद्या शिकायला परदेशीच जावं लागतं असंही नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत प्रकाश आणि अतिसूक्ष्म वस्तूंवर संशोधन चालतं. दोन्ही ठिकाणं बदलापूरहून लोकलने गाठता येतात. अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्या तालुक्यातल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

हे मात्र आजच लक्षात ठेवा

रस्त्याच्या किंवा पाइपलाइनच्या खोदकामात जेसीबीने फायबर केबल तुटते, हे गावात नवीन नाही. तुटलेलं टोक उचलून ‘लाइट येते का’ म्हणून डोळ्याजवळ धरू नका. फायबरमधला प्रकाश डोळ्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही, आणि जोराचा प्रकाश असेल तर डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते. मुलांना काचेच्या तुकड्यांशी खेळू देऊ नका, ते बारीक तुकडे कातडीत घुसतात. जत्रेत मिळणारा लेझरचा टॉर्चही कुणाच्या डोळ्यावर, गाडी चालवणाऱ्यावर किंवा गुरांवर मारू नये.

लेझर केवढाही बारीक असला, तरी त्याच्या आतला प्रकाश माणसाने कोंडून, वाढवून मगच बाहेर सोडलेला असतो. धरणाचे दरवाजे उघडले की आपण नदीपात्रापासून लांब उभे राहतो, तसंच इथेही लांबच राहावं.